थांबा, जरा जुना होतो

समोरच्याने मोबाईल वर केला रे केला, की ते हात आडवा करायचे.

“थांबा हं. जरा जुना होतो.”

मग मनगटावरचं घड्याळ सुटायचं. खिशातला मोबाईल हातमागाच्या आडोशाला जायचा. शर्ट उतरून खुंटीला लागायचा, आतली बंडी दिसायची आणि त्याच खुंटीवरची टोपी डोक्यावर यायची. सगळ्यात शेवटी चष्मा. चष्म्याशिवाय त्यांना धागा दिसत नसे, पण फोटोत धागा कुठे दिसतो? एवढं झालं की पाठ जराशी वाकायची, चेहरा थोडा पडायचा, आणि वडगावातल्या गल्लीतला चार पॉवरलूमचा मालक, रोज सकाळी हुबळीच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर भांडणारा गृहस्थ, बघता बघता आजोबा-पणजोबांच्या काळात जाऊन बसायचा.

“हां. आता काढा.”

तुम्हीही असे फोटो काढले असतील. कुंभाराच्या चाकाजवळ, लोहाराच्या भात्याजवळ, एखाद्या म्हातारीच्या चुलीपुढे. आपल्याला वाटतं, आपण त्यांना बघतोय. अण्णांची ओळख झाल्यापासून मला तसं वाटत नाही.

मी त्यांना अण्णा म्हणायची आणि ते मला आक्का म्हणायचे. वयाने मी त्यांच्या मुलीसारखी, पण बेळगावात मान द्यायचा म्हटलं की वय आडवं येत नाही. मी तिथल्याच शहापूरची. शाळेत इतिहास शिकवत होते आणि मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी या चारही भाषांत सारख्याच आत्मविश्वासाने चुका करत होते. तेवढ्या पात्रतेवर शहरात आलेल्या एका पर्यटन योजनेने मला शनिवार-रविवारची गाईड नेमलं.

योजनेच्या प्रत्येक कागदावर तीन शब्द असत : स्मार्ट, शाश्वत, सुलभ. तिचे समन्वयक बंगळूरहून आले होते. तरुण, सज्जन, हातात कायम टॅब. त्यांना शहरात ‘अनुभव’ हवे होते. किल्ला होता, पण तो नुसता बघायचा. कुंदा होता, पण तो नुसता खायचा. अनुभव म्हणजे दुसरं कुणीतरी राबत असताना आपण शेजारी उभं राहायचं, हे मला त्यांच्याकडून हळूहळू समजलं. राबायला विणकर निवडला गेला.

आम्ही वडगावच्या त्या गल्लीत शिरलो तेव्हा घराघरात पॉवरलूम धडधडत होते. समन्वयक ओरडून विचारत होते, “हातमाग कुठे आहे?” लोक ओरडून सांगत होते, “न्हाय!” एकटे अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, “हाय की. निम्मा माळ्यावर हाय. निम्म्यावर आमची मंडळी कापडं वाळत घालती.”

मी भाषांतर केलं. समन्वयकांचे डोळे चमकले.

चहा झाला. योजना समजावून सांगणं झालं. अण्णा कन्नडमध्ये “आय्तु, आय्तु” म्हणत मान हलवत होते. आय्तु म्हणजे बरं, झालं, ठरलं, आणि अण्णांच्या तोंडी कधीकधी ‘आता आवरा’. मग त्यांनी मला विचारलं, “आक्का, ह्ये शाश्वत म्हंजे काय?”

“कायम टिकणारं, अण्णा.”

“आणि योजना किती वर्साची?”

“तीन.”

“आय्तु,” अण्णा म्हणाले.

हातमाग हा खड्ड्याचा माग. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी खालच्या फळ्या दाबतो. अण्णांनी तो खड्डा कधीच बुजवून वर फरशी घातली होती, आणि फरशीवर फ्रिज उभा होता. योजनेच्या खर्चाने फ्रिज हलला, फरशी फुटली, खड्डा उकरला गेला. फ्रिज झोपायच्या खोलीत गेला.

वहिनी, म्हणजे अण्णांची मंडळी, कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. “लोकं पाव्हणं येणार म्हणून फरशी घालत्यात,” त्या म्हणाल्या. “ह्येंनी फोडली.”

“काय म्हणतात त्या?” समन्वयकांनी मला विचारलं.

“आनंद झालाय त्यांना,” मी म्हटलं.

मग दारावर पाटी लागली. कन्नड, इंग्रजी आणि मराठी. मराठीचं भाषांतर कुठल्याशा यंत्राने केलं होतं. पाटीवर लिहिलं होतं : ‘येथे विणकर जिवंत आहे. वेळ सकाळी दहा ते एक.’

अण्णा चष्मा लावून ती पाटी बराच वेळ वाचत उभे राहिले. “एकनंतर काय करायचं म्हणत्यात?” त्यांनी विचारलं. पाटी बदलायचा अर्ज मी केला. तो मंजूर झाला की नाही ते अजून कळलेलं नाही. गल्लीतली माणसं मात्र दीड वाजता त्यांना भेटली की दचकल्यासारखं करायची.

योजना स्मार्ट करायची म्हणून पाटीखाली चौकोनी काळा ठसा चिकटवला. मोबाईल त्याच्यावर धरला की एक भारदस्त आवाज बोलायचा : “नमस्कार. मी एक साधा विणकर. धागा हेच माझं जीवन...” अण्णांनी पर्यटकाच्या मोबाईलला कान लावून ते सगळं ऐकलं आणि म्हणाले, “माझ्यापरास बरा बोलतोय. ह्येलाच बशवा की.”

तरी एक अडचण होतीच. हातमागाचा आवाज असा कितीसा? खट... खट. त्यावर मागच्या शेडातले चार पॉवरलूम, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतले आणखी. पर्यटकांना प्राचीन शांतता मिळेना. म्हणून शनिवार-रविवारी दहा ते एक गल्लीतले सगळे पॉवरलूम बंद ठेवायचे असं ठरलं. शेजाऱ्यांची समजूत घालायला अण्णा स्वतः घरोघर गेले. “पोरीचं लगीन हाय असं समजा,” ते म्हणाले. “दर आठवड्याला?” शेजारी म्हणाला. पण ऐकलं सगळ्यांनी. त्या माणसाला नाही म्हणणं अवघड होतं. गल्ली शांत झाली, तशी ती फारच शांत वाटू लागली, म्हणून समन्वयकांनी छताला एक स्पीकर लावला आणि त्यातून हातमागाचा आवाज सोडला.

तर असं ते दृश्य. खाली अण्णा हळूहळू विणताहेत, वरून जोरात विणल्याचा आवाज येतोय, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. पर्यटक म्हणायचे, “वा, किती अस्सल!”

अण्णा मुळातच नट होते, ते खड्ड्यात उतरल्यावर आम्हाला कळलं. प्रत्येक घोळक्याला ते वेगळी गोष्ट सांगायचे. गोव्याच्या लोकांना एका राणीची, जिने त्यांच्या पणजोबांची साडी अंगठीतून ओढून बघितली. पुण्याच्या लोकांना त्याच राणीची, पण तिने साडी परत पाठवली, कारण पुण्याच्या लोकांना नापसंतीची किंमत अधिक. शाळेच्या सहलींना एका उंदराची, जो धोटा घेऊन पळाला. धोटा म्हणजे ज्यातून आडवा धागा इकडून तिकडे जातो तो लाकडी तुकडा. हे सगळं चार भाषांत भाषांतर करायचं काम माझं.

“अण्णा, मी इतिहास शिकवते हो,” मी एकदा म्हटलं. “ही राणी कुठली?”

“तुमच्या पुस्तकात न्हाय व्हय?” ते काळजीने म्हणाले. “मग घाला की.”

साड्यांचं एक कपाटही होतं. हातमागावर दिवसाला वीतभर कापड होई, तेही सुटीच्या दिवशीच. मग कपाटात ठेवायच्या साड्या कुठल्या? मागच्या शेडातल्या. चांगल्या, देखण्या, पक्क्या रंगाच्या, पॉवरलूमवरच्या. त्या कपाटात लागल्या आणि एका शनिवारी बघतो तर प्रत्येकीवर तपकिरी कागदाची सुंदर चिठ्ठी : ‘हातांनी विणलेली’.

अण्णांनी दोन-तीन चिठ्ठ्या उपटल्या. पुढच्या शनिवारी त्या परत लागल्या.

“धागा हातानेच तर जोडता ना?” समन्वयक म्हणाले. “बटण हातानेच दाबता.”

“आय्तु,” अण्णा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी राणीची गोष्ट सांगितली नाही. नंतर मला म्हणाले, “आक्का, गोष्ट खोटी सांगितली तर माणूस हसून घरी जातो. कापड खोटं दिलं तर ते अंगावर घेऊन जातो.” असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवाल्या साड्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवल्या, जिथे वाकून बघायला पर्यटकांना जिवावर येई. त्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. विक्री होत होती. वहिनी आता पाहुण्यांना स्वतःहून कोकम सरबत द्यायला लागल्या होत्या. तिघा शेजाऱ्यांच्या साड्याही त्याच कपाटात होत्या. एवढी माणसं गुंतली की खोट्याचं ओझं वाटून घेतलं जातं आणि कुणालाच जड होत नाही.

स्मार्ट झालं, शाश्वत चालू होतं. आता सुलभ उरलं होतं. एके दिवशी समन्वयक धावत आले : अंध पर्यटकांचा एक गट येणार, वरून मोठे साहेब छायाचित्रं मागणार. आठवडाभर गल्ली दणाणली. कोपऱ्यापासून अण्णांच्या दारापर्यंत पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्या बसवल्या, पायांना वाट कळावी म्हणून. फरश्या बसवल्या त्या दिवशी वाटेत एक ट्रॅक्टर उभा होता. कामगारांनी ट्रॅक्टरला नीट वळसा घालून फरश्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघून गेला. वळसा राहिला. अंध पाहुण्यांच्या स्वागताला गल्लीच्या तोंडाशी भलामोठा रंगीत फलक लावला, त्यावर सगळ्यांचे हसरे फोटो होते.

रविवारी गट आला. आठ-दहा जण, बहुतेक तरुण. त्यांच्यात संकेश्वरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या; पांढरे केस, इस्त्रीची साडी, हातात काठी. फरश्यांवरून चालता चालता, ट्रॅक्टरच्या वळशापाशी त्या थांबल्या.

“हितं विहीर हाय काय?” त्यांनी मला विचारलं.

“नाही बाई. ट्रॅक्टर होता.”

“होता?”

“होता.”

त्यांनी मान हलवली आणि फरश्या सोडून सरळ चालत आल्या.

आत आल्यावर त्या दुसऱ्यांदा थांबल्या. “माग हितं खाली हाय न्हवं? मग आवाज छतातनं कसा येतोय?”

अण्णा खो खो हसले. खड्ड्यातून उठून त्यांनी स्पीकरची तारच ओढली. त्या दिवशी ते जुने झालेच नाहीत. घड्याळ हातात, चष्मा नाकावर. कुणासाठी उतरवायचं? एकेकाला शेजारी बसवून त्यांनी ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून हात फिरवायला लावला, आडवा धागा ठोकून बसवणारी फणी ओढायला दिली, धोटा फेकायला दिला. धोटा दोनदा वहिनींच्या अंगावर गेला. खोली हशाने भरून गेली. समन्वयक टॅबवरून हे सगळं थेट दाखवत होते, कुजबुजत सांगत होते, “अत्यंत सुलभ अनुभव...”

मग बाईंना साड्या बघायच्या होत्या.

त्यांच्या हातात कपाटातली एक साडी कुणीतरी दिली. तपकिरी चिठ्ठीवाली. बाईंनी काठ बोटांत धरला. मग मागाकडे जाऊन मागावरच्या कापडाचा काठ धरला. परत साडी. कापड ताणून ठेवायला हातमागावर दोन्ही कडांना टोकदार काडी लावतात, तिची बारीक भोकं काठाला राहतात. मागावरच्या कापडाला ती होती. साडीला नव्हती.

“ह्या दोन एका मागावरच्या न्हवंत,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, पूर्ण हातांनी बनवलेली आहे,” समन्वयक हिंदीत म्हणाले. “लेबल आहे त्यावर.”

“लेबल मला दिसत न्हाय,” बाई शांतपणे म्हणाल्या. “चाळीस वर्सं साड्या नेसते मी. दादा, तुम्ही सांगा.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. भाषांतर करायचं काही नव्हतं. बाई मराठीच बोलत होत्या. मग वहिनींकडे बघितलं. वहिनी सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. दारात दोन शेजारी होते, ज्यांच्या साड्या त्या कपाटात होत्या. समन्वयक डोळ्यांनी खुणावत होते. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“न्हाय बाई,” ते म्हणाले. “ती मागल्या शेडातली. पॉवरलूमची. चिठ्ठी खोटी हाय, साडी खरी हाय. चला, दावतो.”

आणि समन्वयक काही म्हणायच्या आत त्यांनी बाईंचा हात आपल्या खांद्यावर ठेवला, बाकीच्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवले, आणि ती रांग स्वयंपाकघरातून, ओल्या मोरीवरून, आंब्याच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारून मागच्या शेडात गेली. योजनेच्या नकाशात ते शेड नव्हतंच. अण्णांनी सगळ्यांना भिंतीकडेला उभं केलं, कुणाचा पदर, कुणाची ओढणी लोंबत नाही ना ते बघितलं आणि बटण दाबलं.

चार माग एकदम सुरू झाले. जमीन हादरायला लागली. एका पोराने चपला काढल्या आणि अनवाणी उभा राहून मोठ्याने हसला. एक मुलगी भिंतीला तळवे टेकून गालही टेकत होती. आणि गल्लीने अण्णांचे माग ऐकले. तिला वाटलं, एक वाजला. डावीकडचं घर सुरू झालं, उजवीकडचं सुरू झालं, समोरचं सुरू झालं. पाच मिनिटांत सगळं वडगाव धडधडायला लागलं आणि समन्वयकांच्या थेट प्रक्षेपणात त्यांचं स्वतःचं बोलणंही ऐकू येईना.

त्या गदारोळात बाई अण्णांच्या कानाशी ओरडून काहीतरी बोलल्या. अण्णा ओरडून उत्तर द्यायला लागले. मी बाईंच्या पलीकडे होते, म्हणून मला ऐकू आलं. त्यात राणी नव्हती.

“पयला माग मी आणला तवा बाप माझ्यासंगं बोलायचा थांबला. खड्डा बुजवला ते त्याला सोसलं न्हाय. शेडात पाऊल टाकलं न्हाय कधी. शेवटाला अंथरुणाला लागला. भिंतीपल्याड खाट हुती. एक दिस मला हाक मारली. म्हणाला, दोन नंबरचा माग ठोका चुकतोय, बघ.”

“मग?” बाई ओरडल्या.

“चुकत हुता!” अण्णा ओरडले. “ऐकत हुता की त्यो! इतकी वर्सं ऐकत हुता!”

इतकं मोठ्याने इतकं खासगी बोललेलं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

बाईंनी तीच साडी घेतली. चिठ्ठी काढून अण्णांच्या हातात दिली आणि पॉवरलूमच्या भावाने घेतली.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. अण्णांना बोलावलं नव्हतं. ‘विणकर-अनुभव अधिक नियंत्रित वातावरणात’ हलवायचा ठराव झाला. शेजारी महिनाभर अण्णांशी घुश्श्यात होते, कारण कपाट गेलं. मग त्यांचाही राग विरला, कारण शनिवार-रविवारचे माग परत चालू झाले. समन्वयक निरोप घ्यायला आले. सज्जन माणूस, डोळ्यांत पाणी होतं. अण्णांनीच त्यांची समजूत घातली आणि वहिनींनी लोणचं बांधून दिलं.

नवा अनुभव पिरनवाडीच्या बाजूला, एका वातानुकूलित दालनात उभा राहिला. तिथे विणकराचा पुतळा आहे. आपण जवळ गेलो की तो हलतो. उद्घाटनानंतर अण्णा मला घेऊन तो बघायला गेले, दोघांची तिकिटं काढून. पुतळा त्यांच्याच फोटोवरून केलेला होता. बंडी, टोपी, वाकलेली पाठ, सगळं. अण्णा पुढे झाले, पुतळा हलला. मागे सरले, थांबला. पुन्हा पुढे झाले.

“कसा वाटतो?” मी विचारलं.

“लई गुणी हाय,” अण्णा म्हणाले. “मी गेलो की थांबतोय. माझ्या पोरांनी कधी एवढं ऐकलं न्हाय.”

पुढचे दिवस मी त्यांच्याकडे बिनकामाची जायला लागले. मागावर अर्धवट राहिलेलं कापड ते फुरसतीने पुरं करत होते. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. कधी फोन यायचा, “आक्का, जरा येऊन बसा. कोण बघाय नसलं की हात चालंना झालाय.” मी जाऊन पर्यटकासारखी बसायची, एखादा मूर्ख प्रश्न विचारायची, आणि ते मला माहीत असलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

गेल्या दिवाळीनंतर मी निपाणीला बहिणीकडे गेले होते. अण्णा गेल्याचा निरोप मिळून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चार-पाच दिवसांनी वहिनी शांतपणे बोलायला लागल्या.

पॉवरलूममध्ये आडव्या धाग्याची कांडी असते. ती संपली की माग आपोआप थांबतो. माणूस नवी कांडी घालतो आणि माग परत सुरू होतो. त्या सकाळी वहिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. अण्णा शेडात स्टुलावर बसले होते.

“एक माग थांबला,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, कांडी घालतील. मग दुसरा थांबला. म्हटलं, फोन आला आसंल नातवाचा. मी भाकरी उलटली. तिसरा थांबला. तवा बी मी उठले न्हाय गं. चौथा लई येळ चालला.”

त्या भिंतीकडे बघत होत्या.

“चौथा चालू हुता तवर मी बसून राहिले.”